लिफ्टशेजारचा फळा: कोण कितव्या पानावर?

आमची डोंबिवलीची सोसायटी, अठ्ठावीस बिऱ्हाडं. लिफ्टशेजारच्या काळ्या फळ्यावर "उद्या पाणी येणार नाही" एवढंच साहित्य लिहिलं जायचं. दोन वर्षांपूर्वी मी त्याचा खालचा अर्धा भाग मागून घेतला आणि खडूने लिहिलं, "सध्या काय वाचताय?" तुमच्याकडेही असं काही करायचं असेल, तर आधी माझ्या चुका ऐका.

पहिली चूक मुहूर्ताची. मी सुरुवात केली 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला. त्या दिवशी माणसं ठेवणीतली साडी काढावी तशी ठेवणीतली पुस्तकं काढतात. सात नावं आली, सगळी जाडजूड आणि मान्यवर. पुढचे तीन आठवडे त्यातलं एकही बदललं नाही. म्हणजे वाचत कुणीच नव्हतं. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनालाही हेच होईल, तेव्हा सरळ एखादा साधा मंगळवार धरा.

मग मी सगळं पुसलं आणि तीन रकाने आखले: फ्लॅट नंबर, पुस्तक, पान. खरी मेख या तिसऱ्या रकान्यात आहे. "काय वाचताय?" विचारलं की माणूस छाप पाडायला बघतो. "कितव्या पानावर आहात?" विचारलं की खरं बोलतो. पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एका नावाजलेल्या कादंबरीपुढे लिहिलं, "पान 12. पुढे सरकत नाही." दोन दिवसांत चौघांनी त्यांना लिफ्टमध्ये गाठलं. एकजण म्हणाले, "पन्नासपर्यंत दम धरा." दुसऱ्या वहिनी म्हणाल्या, "मीपण तिथेच सोडलं हो, कुणाला सांगितलं नव्हतं." फळा चालू झाला तो त्या बारा नंबरच्या पानामुळे. तेव्हापासून "सोडलं" हीसुद्धा आमच्याकडे रीतसर नोंद असते.

काय लिहायचं यावर सोवळं पाळू नका. दिवाळी अंक चालतो, पाककृतींचं पुस्तक चालतं, मोबाइलवर ऐकलेलं चालतं. आमचे वॉचमन हिंदी कादंबऱ्या वाचतात. ड्युटी रात्रीची, त्यामुळे पानं सगळ्यांत जास्त त्यांचीच. त्यांच्या रकान्यात फ्लॅट नंबरच्या जागी "गेट" असं असतं.

आता शिफारशीचं. "अप्रतिम! नक्की वाचा!" याने कुणी वाचत नाही. मी तीन गोष्टी लिहायला सांगते: आत काय आहे, वेळ किती लागेल, आणि कुणी, कधी वाचू नये. माझी 'बनगरवाडी'ची नोंद अशी होती: "धनगरांच्या वाडीवर नेमलेला कोवळा मास्तर. शाळा आहे, मुलं नाहीत. दोन-तीन बैठकांत होतं. शेवटी दुष्काळ पडतो, तेव्हा मन आधीच जड असेल तर आत्ता नको." त्या "आत्ता नको"मुळेच तिघांनी मागून नेलं. माणसाचा स्वभाव, दुसरं काय!

मागणाऱ्यालाही वळण लावावं लागतं. "काहीतरी चांगलं सुचवा ना" याला उत्तर नसतं. शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक कोणतं आणि वाचायला वेळ कधी मिळतो, हे आधी विचारा. चौथ्या मजल्यावरची सून म्हणाली, "काकू, लोकलमध्ये उभ्याने वाचते, एका हाताने." म्हणजे प्रश्न आवडीचा नव्हताच, वजनाचा होता. तिला विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' दिलं. 1939 सालचं, पण अंगाने सडपातळ, आणि सगळी गोष्ट युरोपातून परतणाऱ्या बोटीवरची. तिने ठाण्याच्या गर्दीत उभ्याउभ्या संपवलं आणि मला म्हणाली, "दादरला उतरायचं विसरणार होते." यापेक्षा मोठी समीक्षा मी वाचलेली नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपही काढून पाहिला. सुप्रभातच्या फुलांखाली पुस्तकं गाडली गेली. फळाच बरा, लिफ्ट येईपर्यंत माणूस तिथे उभाच असतो. रविवारी रात्री पुसायचा, सोमवारी पुन्हा लिहायचा. ज्याची नोंद जुनी झाली, त्याला टोकायचं नाही. परीक्षा असतात, आजारपणं असतात, पाहुणे असतात.

पुस्तकं हातोहात फिरू लागली की मात्र वही हवीच. साधी दोनशे पानी, सुतळीने खिळ्याला बांधलेली, आणि पेनही सुतळीनेच बांधायचं. पहिली तीन पेनं गेली तेव्हा हे शहाणपण आलं. तारीख, पुस्तक, देणारा, घेणारा. मुदत एक महिना. "आपल्याच माणसांत कसली वही" म्हणून सुरुवातीला मी ती ठेवली नव्हती आणि त्याच दिवसांत माझी 'स्मृतिचित्रे'ची, म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राची, प्रत गेली. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेणारे लक्ष्मीबाईंचे वडील आठवले की मला आजही एकटीला हसू येतं, आणि ते पान उघडायला हाताशी पुस्तकच नाही. गेल्या महिन्यात न राहवून फळ्यावर अगदी खाली लिहिलं, "स्मृतिचित्रे. सध्या कुणाकडे? पान कितवं?"

दुसऱ्या दिवशी खाली वेगळ्या अक्षरात उत्तर होतं, फ्लॅट नंबर न घालता: "पान 210. रविवारपर्यंत थांबा ना."