स्लीमा की मोस्टा: माल्टात भाड्याचं घर ठरवताना

माल्टाचं मुख्य बेट लांबीला जेमतेम २७ किलोमीटर. नकाशा बघून वाटतं, कुठंही राहिलं तरी सारखंच. पण सकाळच्या गर्दीत स्लीमा आणि मोस्टा या दोन गावांमधले सात-आठ किलोमीटर कापायला पाऊण तासही लागतो. त्यामुळे समुद्राचा देखावा नंतर बघा. आधी घरातल्या प्रत्येकाला रोज सकाळी कुठं पोचायचं आहे, ते पत्त्यासकट कागदावर लिहा.

कामाचा पत्ता स्लीमा, ग्झीरा किंवा सेंट ज्युलियन्समधला असेल (ऑनलाइन गेमिंग आणि वित्त क्षेत्रातल्या कितीतरी कंपन्यांची कार्यालयं याच पट्ट्यात आहेत) तर स्लीमात राहून चालत जाता येतं. रोजचा बसप्रवास वाचतो, ही इथल्या जास्त भाड्याची खरी भरपाई. राजधानी व्हॅलेटाला जायला फेरीबोट आहे, दहा-एक मिनिटांत पलीकडे. मात्र ती शहराच्या मार्सामशेट बाजूला उतरवते आणि तिथून चढ चढावा लागतो. बंदरावरून वर शहरात नेणारी बराक्का लिफ्ट वापरू असं नवे लोक धरून चालतात, पण ती लिफ्ट शहराच्या दुसऱ्या अंगाला, ग्रँड हार्बरकडे आहे. जोराचा वारा सुटला की फेरी बंद राहते, म्हणून बसचा पर्याय माहीत असू द्या.

मोस्टा बेटाच्या मध्यावर आहे. काम ता' आली, मोस्टा टेक्नोपार्क किंवा उत्तरेकडच्या हॉटेलांमध्ये असेल, किंवा शेजारच्या गोझो बेटाच्या फेरीसाठी चिर्केव्वा बंदराला वारंवार जायचं असेल, तर मोस्टा सोयीचं. म्सिडातलं विद्यापीठ आणि माटर देई रुग्णालय गाठायचं असेल तर अंतराच्या हिशेबात स्लीमा जवळ आहे, पण मोस्टाहूनही रोज जाता येतं. वैयक्तिक तल्लिन्या कार्ड (बसचं कार्ड) असलेल्या रहिवाशांना १ ऑक्टोबर २०२२ पासून बसप्रवास फुकट आहे, तेव्हा दोन्हीकडे खर्च वेळेचाच. घर बघायला एजंट शनिवारी दुपारी बोलावतो. ते बघा, पण निर्णय घेण्याआधी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला त्या घराजवळच्या थांब्यावर उभे राहा. भरलेली बस न थांबता पुढे जाते का, हे तिथंच कळतं.

गावांचा स्वभाव

स्लीमाचं क्षेत्रफळ सुमारे १.३ चौरस किलोमीटर आणि वस्ती वीस हजारांच्या आसपास. मोस्टात तेवीस हजारांहून अधिक लोक राहतात, पण क्षेत्रफळ जवळपास सात चौरस किलोमीटर आहे. बाकीचे फरक बहुतेक यातूनच येतात. स्लीमात गाडी लावायला जागा मिळणं ही रोजची कटकट आहे. गाडी असेल तर गॅरेज करारात आहे की वेगळ्या भाड्यानं, हे पहिल्याच फोनवर विचारा. मोस्टात मुख्य चौक आणि कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीट सोडून आतल्या गल्ल्यांत परिस्थिती बरी असते. तेवढ्याच भाड्यात मोस्टात बहुधा एक खोली जास्त मिळते. लहान मुलं असतील तर वाद-इल-असेलची दरी आणि ता' आलीचं राष्ट्रीय उद्यान हाताशी आहे. उलट समुद्र मोस्टाला नाही. पोहायला बसनं किंवा गाडीनं जावं लागतं. स्लीमात संध्याकाळी घराबाहेर पडलं की किनाऱ्याचा लांबलचक पदपथ, पण किनारा खडकाळ आहे, वाळूची अपेक्षा ठेवू नका.

मोस्टाच्या रोटुंडा चर्चचा घुमट ९ एप्रिल १९४२ रोजी बॉम्बनं भेदला, बॉम्ब फुटला नाही आणि आतले लोक वाचले; त्या चर्चचा सांता मारियाचा उत्सव १५ ऑगस्टला असतो. त्या आठवड्यात दणकेबाज आतषबाजी होते. तान्हं बाळ किंवा घाबरणारं कुत्रं असेल तर चर्चपासून थोडं लांबचं घर घ्या. स्लीमात चार पॅरिश (चर्चचे विभाग) असल्यानं उत्सवही चार.

स्लीमातला मोठा आवाज मात्र बांधकामाचा. स्लीमासारख्या पर्यटन क्षेत्रांत १५ जून ते ३० सप्टेंबर पाडकाम आणि खोदाईला बंदी असते. त्यामुळे जुलैमध्ये शांत वाटलेली गल्ली ऑक्टोबरमध्ये ड्रिलनं हादरू लागते. उपाय साधा आहे: बांधकाम परवाने देणाऱ्या प्लॅनिंग अथॉरिटीच्या ऑनलाइन नकाशावर शेजारचे आणि मागचे प्लॉट उघडून मंजूर परवाने बघा. शेजारी दोन मजली जुनं घर आणि त्यावर मंजूर परवाना दिसला, तर ते काम तुमच्या मुक्कामातच सुरू होईल असं धरून चाला. मोस्टातही ही तपासणी करा, तिथंही इमारती वाढताहेत.

घर बघताना

ओलीमुळे लोक जेवढी घरं सोडतात तेवढी गावामुळे सोडत नाहीत. माल्टाचा दगड पाणी शोषतो, घरांना सहसा केंद्रीय हीटिंग नसतं आणि हिवाळ्यात हवा दमट. मग उत्तरेकडच्या भिंती, तळमजले आणि फक्त शाफ्टकडे (इमारतीतल्या हवेच्या अरुंद पोकळीकडे) खिडकी असलेल्या खोल्या काळ्या बुरशीनं भरतात. नुकताच रंग लावलेला असेल तर कपाट भिंतीपासून ओढून मागे बघा, पलंगामागचा कोपरा हातानं चाचपा, बंद कपाटात वास घ्या. समुद्रासमोरच्या घरात खारट वाऱ्यानं एसीचं बाहेरचं युनिट आणि खिडक्यांच्या कड्या गंजतात. एसी थंड आणि गरम दोन्हीवर चालवून बघा, कारण हिवाळ्यात तोच तुमचा हीटर. सगळ्यात वरचा मजला ऑगस्टमध्ये तापलेल्या गच्चीखाली असतो. आवडत्या घराचा कोपरा-कोपरा बघायला वीस मिनिटं तरी द्या.

वीज आणि पाण्याचं बिल एआरएमएस ही कंपनी काढते. इथं एक पक्की अडचण येते: 'रेसिडेन्शियल' दर स्वस्त आणि 'डोमेस्टिक' दर महाग. घरात राहणाऱ्यांची संख्या खात्यावर नोंदलेली नसेल तर तुम्ही महाग दरानं भरत राहता. सही करण्याआधीच घरमालकाकडून ही नोंद करून देण्याचं लेखी घ्या. स्वतंत्र मीटर नाही, मालकाच्या मीटरवरचं सब-मीटर आहे असं कळलं, तर दर कोणता लावणार ते करारात लिहून घ्या किंवा ते घर सोडा.

करार आणि पैसे

१ जानेवारी २०२० पासून भाडेकरार हाउसिंग अथॉरिटीकडे नोंदवणं सक्तीचं आहे. निवास परवान्याच्या अर्जालाही नोंदलेला करारच लागतो, त्यामुळे 'नोंदणी नको, भाडं कमी करतो' हे आमिष तुम्हालाच महागात पडतं. दीर्घ करार किमान एक वर्षाचा असतो. दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या करारात भाडेकरूला पहिले सहा महिने घर सोडता येत नाही, पुढे एक महिन्याची लेखी सूचना रजिस्टर पत्रानं द्यायची. भाडेवाढ करारात लिहिली असेल तरच, वर्षातून एकदा आणि ५ टक्क्यांच्या आत. मुदत संपताना मालकानं तीन महिने आधी रजिस्टर पत्र पाठवलं नाही, तर करार आपोआप एक वर्षानं वाढतो. सहा महिन्यांचा अल्पकालीन करार मात्र वेगळा: तो मोजक्या कारणांसाठी असतो आणि आपोआप वाढत नाही. त्यामुळे कराराचा प्रकार आधी वाचा.

सुरुवातीला लागणारी रक्कम अशी मोजा. भाडं १,००० युरो असेल तर पहिला महिना १,०००, अनामत सहसा एक महिन्याची १,०००, आणि एजंटचं अर्ध्या महिन्याचं कमिशन ५०० अधिक १८ टक्के व्हॅट, म्हणजे ५९०. एकूण २,५९० युरो. अनामत परत मिळताना वाद होतात ते घर ताब्यात घेतानाच्या अवस्थेच्या पुराव्याअभावी. म्हणून किल्ली घेतल्या दिवशीच फर्निचरची यादी, मीटरचे आकडे आणि भिंतींचे फोटो ईमेलनं मालकाला पाठवा.

एकट्यानं किंवा दोघांनी, गाडीविना, किनारपट्टीत काम करत राहायचं असेल तर स्लीमा घ्या, घर लहान असलं तरी. मुलं, गाडी किंवा उत्तरेकडचं काम असेल तर मोस्टा. घरातल्या दोघांची कामं दोन टोकांना असतील, तर ज्याची पाळी पहाटे सुरू होते किंवा रात्री उशिरा संपते त्याच्या सोयीचं गाव धरा, कारण त्या वेळी बस कमी असतात.