कऱ्हेकाठावरून भीमेच्या खोऱ्यात: ग्रॅव्हल सायकलीचा मार्ग कसा आखावा

पुणे जिल्ह्याचा पश्चिम भाग सायकलवाल्यांना तोंडपाठ असतो. सिंहगड, पानशेत, मुळशी झालं की बहुतेकांची यादी संपते. पूर्वेकडच्या पुरंदर, बारामती आणि दौंड तालुक्यांकडे मात्र सोलापूर महामार्गावरून लागणारं ऊन एवढ्याच नजरेनं पाहिलं जातं. ग्रॅव्हल सायकलीसाठी, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणाऱ्या जाड टायरच्या सायकलीसाठी, खरा मुलूख तोच आहे. नदीकाठची काळी रानं, त्यांच्या डोक्यावर मुरमाचे बसके डोंगर आणि मधोमध गवताळ माळ असं तिन्ही एका दिवसात पायाखालून जातं.

उदाहरणासाठी जेजुरी, मोरगाव, सुपे, चौफुला आणि केडगाव अशी वाट घेऊ. पुणे–मिरज लोहमार्गावरच्या जेजुरी स्टेशनात सुरुवात करायची आणि पुणे–दौंड मार्गावरच्या केडगाव स्टेशनात संपवायची. त्यामुळे परत फिरून त्याच रस्त्याने यावं लागत नाही. डांबरी रस्त्याने हे अंतर ५० किलोमीटरच्या आसपास भरतं. मातीच्या वाटा धरल्या की ते ६०–६५ पर्यंत जातं आणि नवशिक्याचाही दिवस भरतो.

आधी माती, मग नकाशा

मार्ग आखताना बहुतेक जण चढ-उतार पाहतात. इथे त्याआधी जमीन पाहायला हवी. हा सगळा प्रदेश बेसॉल्टचा. उंचवट्यावर खडक झिजून मुरूम झालाय आणि बारीक गाळ वाहत जाऊन नदीकाठी काळी माती साठलीय. मुरमातून पाणी निथळून जातं, त्यामुळे पावसानंतर एखाद्या दिवसात वाट पुन्हा चालवण्याजोगी होते. काळ्या मातीचं उलट आहे. कोरडी असताना ती सिमेंटसारखी टणक, आणि दोन सरी पडल्या की चाक आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा दुबेळका) यांच्या मधल्या फटीत अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही. मग सायकल खांद्यावर.

म्हणून सॅटेलाइट चित्र उघडा आणि वाटांचा रंग बघा. पिवळसर, तांबूस किंवा पांढुरकी रेघ म्हणजे बहुधा मुरूम. गडद करडी किंवा काळपट रेघ आणि दोन्ही बाजूंना हिरवे चौकोन दिसले, तर ती उसातली काळी वाट. जागेवर गेल्यावर खात्री करायची तर मूठभर ओली माती दाबून बघा. गोळा होऊन बोटांना चिकटली तर त्या वाटेवर जाऊ नका, सुटी होऊन पडली तर बिनधास्त जा.

वाटा शोधणे

तीन ठिकाणी बघावं लागतं. ओपनस्ट्रीटमॅपवर कच्च्या वाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. कोमूट किंवा राइड विथ जीपीएससारखी अ‍ॅप तोच नकाशा वापरतात, त्यामुळे मार्ग तिथेच जोडून त्याची जीपीएक्स फाइल (मोबाइल किंवा जीपीएसवर मार्ग दाखवणारी) काढता येते. दुसरं सॅटेलाइट चित्र, नकाशातली वाट अजून शिल्लक आहे का हे पाहायला. तिसरं ठिकाण सायकलवाले क्वचितच बघतात, ते म्हणजे महसूल खात्याचा गावनकाशा. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात. दुहेरी तुटक रेषा म्हणजे बैलगाडी जाईल एवढी जुनी, सगळ्यांच्या हक्काची वाट. पाणंद (शेतांमधून जाणारी सामाईक वाट) आणि शिवरस्ते (गावांच्या हद्दीवरचे रस्ते) सापडले की कुणाच्या शेतातून घुसायची वेळ येत नाही.

तरी एखादी पाणंद नांगरलेली किंवा काटे लावून बंद केलेली सापडतेच. तिथे वाद घालू नका. जवळ जो कोणी असेल त्याला 'दादा, पलीकडच्या वस्तीवर जायला वाट कुठून?' असं विचारा. नव्वद टक्के वेळा तो स्वतः चार पावलं पुढे येऊन दाखवतो.

टप्प्याटप्प्याने

जेजुरीतून निघाल्यावर पहिला तुकडा कऱ्हेच्या खोऱ्याचा. जेजुरीजवळ कऱ्हेवर नाझरे धरण आहे, त्याला मल्हारसागरही म्हणतात. जलाशयाच्या बाजूने आणि पुढे नदीकाठच्या गावांमधून कच्चे तुकडे जोडत मोरगावला यायचं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बागा याच तालुक्यात. काठ जवळ आला की जमीन काळी होते, म्हणून पाऊस होऊन गेला असेल तर इथे डांबरी रस्ता धरावा आणि दम पुढच्या माळासाठी राखावा. कालव्यालगतचे सर्व्हिस रस्ते मोहात पाडतात, पण ते जलसंपदा विभागाचे असतात. फाटक बंद असेल तर मागे फिरा आणि पाणी वाहत असताना कडेने दोघे शेजारी शेजारी चालवू नका.

मोरगावला कऱ्हेच्या काठी मयूरेश्वराचं देऊळ. इथे पोटभर खा आणि पाणी भरा. पुढे सुप्यापर्यंत वस्त्या आहेत, पण माळावर गेल्यावर सावली मिळत नाही.

मोरगाव सोडलं की उत्तरेकडे जमीन हळूहळू उचलत जाते आणि टायरखालचा आवाज बदलतो. मऊ सळसळ थांबून बारीक करकर सुरू होते, ती मुरमाची. हाच या मार्गाचा गाभा. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. १९९७ मध्ये ते चिंकाऱ्यांसाठी राखून ठेवलं. अभयारण्याच्या आतून मार्ग आखूच नका, बाहेरच्या वाटांनी जा. आत जायचंच असेल तर फाटकावर विचारून, ते सांगतील तसं. चिंकारा आणि लांडगा अभयारण्याची हद्द पाळत नाहीत, आजूबाजूच्या माळावरही ते दिसतात, म्हणून पहाटेच्या वेळी दबकत आणि शांतपणे चालवा.

या माळाला सरकारी कागदांत बरेचदा पडीक म्हटलं गेलं, म्हणून अनेकांना वाटतं की इथे कुठूनही सायकल घातली तरी बिघडत नाही. खूप बिघडतं. धाविक, टिटवी, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती खड्यांसारखी दिसतात, चाकाखाली गेल्यावरसुद्धा कळत नाही. आधीच उमटलेल्या गाडीच्या चाकोरीतूनच जायचं. चाकोरीत खड्डा आला तर उतरून सायकल ढकला, बाजूच्या गवतातून नवी वाट पाडू नका.

सुप्याहून चौफुल्याकडे जाताना भुलेश्वरच्या रांगेचे पूर्वेकडचे उतार ओलांडावे लागतात. कऱ्हा आणि भीमा यांच्यामधला हा पाणलोट. इकडचं पाणी कऱ्हेतून नीरेला मिळतं, तिकडचं थेट भीमेला, आणि दोन्ही शेवटी इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूरला एकत्र येतात. उतारावर सुटा मुरूम असतो, तेव्हा वळणाआधीच ब्रेक लावून वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका आणि अंग थोडं मागे घ्या. खाली उतरलं की पुन्हा ऊस, पुन्हा काळी माती, आणि केडगाव स्टेशन.

सायकल आणि काटे

वेगळी ग्रॅव्हल सायकल हवीच असं नाही. ४० मिलिमीटरचा टायर मावेल अशी हायब्रिड किंवा साधी एमटीबी (माउंटन बाइक) चालते. ७० किलोच्या माणसाला ट्यूबलेस टायरमध्ये ३०–३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतं. ट्यूब असेल तर पाचेक पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर दगडावर आदळून ट्यूब रिमखाली चिमटते.

या भागातला खरा शत्रू बाभळीचा काटा आणि सराटे. ट्यूबलेस आणि आत सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारा द्रव) असेल तर काटा उपसा, छिद्र खाली येईल असं चाक फिरवा आणि मिनिटभर थांबा. उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी तपासा. ट्यूब वापरत असाल तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापडाने हळू पुसून बघा. कापड जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक मोडून राहिलेलं असतं. ते न काढता ट्यूब घातली तर पाच मिनिटांत तीही जाते. दोन ट्यूब, पंप आणि लहान चिमटा एवढं जवळ ठेवाच.

वेळ आणि हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. हा पर्जन्यछायेचा प्रदेश असल्याने पावसाळ्यातही उघडीप मिळते, शिवाय तेव्हा पश्चिमेचा वारा पाठीशी असतो. फक्त काळ्या रानात जायचं नाही. मार्च उजाडला की सकाळी दहापर्यंत माळ उतरलेला बरा. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू होतात आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागची ट्रॉली वळणावर आत कापते, तेव्हा त्यांना ओलांडायची घाई करू नका. तीन लिटर पाणी सोबत असू द्या.

मेंढरं आणि कुत्री

माळावर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह पडलेले मुक्काम, उतरलेले असतात. त्यांची कुत्री लांडग्यापासून कळप राखायला असतात, म्हणून वेगाने येणाऱ्या सायकलीवर धावून जातात. पळ काढला तर ती हमखास मागे लागतात. उतरा, सायकल मधे धरा, उभे राहा आणि मोठ्याने हाक मारा: 'ओ मामा, कुत्री आवरा जरा!' मामांनी एक शीळ घातली की कुत्री माघारी जातात. कळप वाट ओलांडत असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत थांबा. घंटी वाजवून मेंढरं फुटली तर ती गोळा करण्यात त्यांची अर्धी सकाळ जाते.

रेल्वेने परतायचं असेल तर गाडीची वेळ आणि सायकल नेण्याचा नियम आदल्या दिवशी स्टेशनवर विचारून घ्या. घरी आल्यावर चेन आणि ब्रेकमधली मुरमाची धूळ ब्रशने कोरडीच झाडा, मग तेल घाला. आणि एखादी पाणंद बंद सापडली असेल, तर ओपनस्ट्रीटमॅपवर तशी नोंद टाका, पुढच्याला फेरा पडणार नाही.