काटकोन त्रिकोण साइन-कोसाइनशिवाय सोडवताय? या चुका टाळा

काटकोन त्रिकोण दिसला की मुलं लगेच साइन-कोसाइन मांडायला घेतात. दहावीपर्यंतची बरीच गणितं पायथागोरस आणि समरूपतेवरच सुटतात, आणि उत्तर तेच का आलं हेही कळतं. गाडी अडते ती ठरावीक जागीच.

सगळ्यात जास्त गुण जातात ते कर्ण न ओळखल्यामुळे. कर्ण १७ आणि एक बाजू १५ दिली, तरी दोन्हींचे वर्ग करून बेरीज केली जाते. इथे वजाबाकी हवी: २८९ − २२५ = ६४, म्हणून तिसरी बाजू ८. आकृती काढल्यावर आधी काटकोनाची खूण करा. तिच्यासमोरची बाजू कर्ण. आकृती तिरकी असली की हे हमखास चुकतं.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. ३०° समोर ५ सेमी, म्हणजे ६०° समोर १० सेमी! कोन दुप्पट झाला म्हणून बाजू दुप्पट होत नाही. १० सेमी बाजूचा समभुज त्रिकोण काढा आणि शिरोबिंदूतून पायावर लंब टाका. पायाचे ५-५ सेमीचे दोन भाग होतात आणि लंब येतो √(१००−२५) = ५√३, सुमारे ८.६६ सेमी. १० सेमी हा कर्ण, तो ९०° समोर. ही आकृती एकदा स्वतः काढली की ३०-६०-९० चं प्रमेय पाठ करावं लागत नाही.

भूमितीमध्याचं प्रमेय सांगतं की काटकोनातून कर्णावर टाकलेल्या लंबाचा, म्हणजे शिरोलंबाचा, वर्ग हा त्याने केलेल्या कर्णाच्या दोन भागांच्या गुणाकाराइतका असतो. हे भाग ४ आणि ९ असतील तर शिरोलंब √३६ म्हणजे ६. काही जण सरासरी काढून ६.५ लिहितात, काही ३६ वरच थांबतात. आणि हा लंब काटकोनाच्या शिरोबिंदूतूनच हवा.

आता माझं आवडतं गणित. कर्ण २० सेमी, एक कोन १५°. कर्णावरचा शिरोलंब किती? इथे बहुतेक जण १५° च्या साइनची किंमत शोधत बसतात. त्याऐवजी काटकोनातून कर्णावर मध्यगा काढा, म्हणजे कर्णाच्या मध्यबिंदूपर्यंतची रेषा. ती कर्णाच्या निम्मी, म्हणजे १० सेमी. त्यामुळे १५° च्या बाजूला समद्विभुज त्रिकोण तयार होतो, आणि त्याचा बाह्यकोन १५ + १५ = ३०°. म्हणजे मध्यगा कर्णाशी ३०° चा कोन करते. मध्यगा हा कर्ण असलेल्या लहान काटकोन त्रिकोणात शिरोलंब ३०° समोर येतो, म्हणून तो ५ सेमी. फक्त मध्यगा आणि शिरोलंब एकच समजू नका. काटकोनातून कर्णावर काढलेल्या या दोन रेषा ४५-४५-९० च्या त्रिकोणातच एकमेकींवर येतात.