व्यवस्थापनाच्या बाजूने कामगार न्यायालयात उभे राहताना

व्यवस्थापनाच्या बाजूने कामगारविषयक प्रकरणे चालवायची आहेत, असे सांगत दरवर्षी एकदोन नवे वकील माझ्याकडे येतात आणि युक्तिवाद व उलटतपासणी म्हणजेच हे काम, अशी त्यांतील बहुतेकांची समजूत असते. पुणे परिसरातील कारखान्यांची प्रकरणे वीसेक वर्षे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, मालकाची बाजू बहुतेक वेळा वकीलपत्र दाखल होण्याच्या कितीतरी आधी, कारखान्याच्या कार्यालयात कोणीतरी घाईने लिहिलेल्या एखाद्या पत्रामुळे लंगडी झालेली असते.

नेहमीचे उदाहरण ‘तो कामावर यायचाच बंद झाला’ या वाक्याचे. एचआरचे अधिकारी एक पातळ फाइल घेऊन येतात. तिच्यात मस्टरवरून (हजेरीपटावरून) नाव कमी केल्याचे पत्र असते, पण त्याआधी कामगाराला कामावर बोलावणारे एकही पत्र नसते. काम सोडले की नाही हा हेतूचा प्रश्न आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये जी. टी. लाड प्रकरणात म्हटले आणि स्थायी आदेशांत (कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमांत) नोकरी आपोआप संपण्याची तरतूद असली, तरी कामगाराचे म्हणणे न ऐकता व चौकशी न करता नाव कमी करता येत नाही, हे १९९३ च्या डी. के. यादव प्रकरणात स्पष्ट झाले. म्हणून मी पहिली चौकशी करतो ती पोस्टाच्या पाकिटाची: पत्र कोणत्या पत्त्यावर गेले, आणि परत आले असल्यास पोस्टमनने त्यावर ‘घेण्यास नकार’ असे लिहिले आहे की ‘पत्ता अपुरा’. परत आलेले पाकीट न फोडता तसेच जपून ठेवायचे असते. ते फोडून आतले पत्र व्यवस्थित पंच करून फाइलला लावणारे आणि पाकीट टाकून देणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्यांना वाटते, आपण कागद सांभाळला.

दुसरे मोठे क्षेत्र खातेनिहाय चौकशीचे, म्हणजे कामगारावरील गैरवर्तनाच्या आरोपाची कारखान्यातच होणाऱ्या चौकशीचे. ती बहुधा कँटीनशेजारच्या एखाद्या खोलीत होते आणि तिची कार्यवाही लिहिणाऱ्याला इंग्रजी सोयीचे वाटते. कामगाराला मराठी किंवा हिंदीच येत असेल, त्याला मजकूर समजावून सांगितल्याची नोंद नसेल आणि प्रत्येक पानावर त्याची सही मात्र असेल, तर विरुद्ध बाजूच्या वकिलाला ती चौकशी सदोष ठरवून घ्यायला पुष्कळदा तेवढेच पुरते. सुरुवातीची दोन वर्षे अशा कार्यवाहीच्या जुन्या फायली वाचण्यात घालवावीत, असे मी आग्रहाने सांगतो.

चौकशी सदोष ठरली तरी आरोप न्यायालयात पुराव्याने सिद्ध करण्याची संधी मालकाला मिळते, पण ती वेळेवर मागावी लागते. १९८३ च्या शंभुनाथ गोयल प्रकरणातील हे तत्त्व २००१ मध्ये लक्ष्मीदेवम्मा प्रकरणात घटनापीठाने बहुमताने कायम ठेवले. मला ते तोंडपाठ होते, तरीही एका बडतर्फीच्या प्रकरणात लेखी कैफियतीच्या (मालकाच्या लेखी उत्तराच्या) शेवटी ही संधी मागणारा दोन ओळींचा परिच्छेद माझ्याकडून राहून गेला. चौकशी अयोग्य ठरली, उशिरा दिलेला अर्ज नामंजूर झाला आणि चोरीचा आरोप सिद्ध करण्याची वेळच आली नाही. अशील मला काही बोलले नाहीत. पुढची फाइल मात्र दुसऱ्या वकिलाकडे गेली. तेव्हापासून कैफियतीचा मसुदा मी शेवटच्या परिच्छेदापासून तपासायला घेतो.

सनद असली म्हणजे उभे राहता येतेच, हाही समज सोडावा. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील कलम ३६(४) प्रमाणे वकिलाला कामगार न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात उभे राहण्यासाठी विरुद्ध पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी, दोन्ही लागत असत.

त्या कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तिच्यासह चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि कामगारकपातीसाठी शासनाची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा १०० ऐवजी ३०० कामगारांवर गेली. तरीही जुना कायदा आणि त्यावरील निवाडे वाचल्यावाचून गत्यंतर नाही, कारण संहितेतील कितीतरी शब्द तिथूनच आले आहेत.

नातेवाईक मला अधूनमधून विचारतात की, गरिबाच्या पोटावर पाय देण्याचे काम कसे काय जमते. माझ्या लेखी सल्ल्यांपैकी निम्मे तरी ‘काढू नका’ किंवा ‘तडजोड करा’ असे असतात, हे त्यांना पटत नाही. मागील वेतनाबाबत, म्हणजे कामावरून दूर असलेल्या काळातील पगाराबाबत, २०१३ च्या दीपाली सुरवसे प्रकरणानंतर हा सल्ला देणे सोपे झाले: बडतर्फी बेकायदा ठरल्यास मागील वेतनासह पुनर्स्थापना (पुन्हा कामावर घेणे) हा सर्वसाधारण नियम आहे, आणि आपण बेकार होतो असे कामगाराने सांगितल्यावर त्याला दुसरीकडे तेवढा पगार मिळत होता हे मालकाला दाखवावे लागते. मी अशिलासमोर कोरा कागद ठेवतो, डावीकडे शेवटचा पगार, उजवीकडे प्रकरण चालण्याचे संभाव्य महिने लिहितो आणि गुणाकार त्यांनाच करायला लावतो. बहुतेक जण खिशातला मोबाईल काढून हिशेब दोनदा करतात आणि मग विचारतात, ‘तो किती मागतोय?’