कापडी डायपरसाठी पावडर निवडताना या चुका टाळा

बाळंतपणाला सदाशिव पेठेतल्या माहेरी आलेली लेक दोन-तीन महिन्यांनी बाळाला घेऊन उंड्रीच्या घरी परत जाते. डायपर तेच, पावडर तीच, मशीनही जवळपास तसंच. तरी काही आठवड्यांत इन्सर्ट, म्हणजे डायपरच्या आतल्या शोषून घेणाऱ्या घड्या, पापडासारखे कडक होतात, रात्रीचा डायपर सकाळी काढताना वासाने डोळे चुरचुरतात आणि घरात पावडर बदलायची चर्चा सुरू होते. बदललेलं असतं पाणी. त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलेलं नसतं.

‘कापडी डायपरसाठी सगळ्यात चांगली पावडर कोणती?’ या प्रश्नाला पुण्यात एकच एक उत्तर नाही, ते यामुळेच. आधी पाणी बघा, मग कापड, मग मशीन. पावडरचं नाव सगळ्यात शेवटी.

पाणी न बघता पावडर ठरवणं

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांत साठतं ते घाटाकडचं पावसाचं पाणी, आणि ते हलकं असतं. पेठांमध्ये, डेक्कनला, कोथरूडला नळाने हेच पाणी येतं. त्यात बहुतेक कुठलीही बरी पावडर नीट काम करते. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांमधून झिरपत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं, म्हणून ते जड असतं. उंड्री २०१७ मध्ये महापालिकेत आलं, वाघोली २०२१ मध्ये. पण त्या बाजूच्या कितीतरी सोसायट्या आजही बोअर आणि टँकरवर आहेत. उन्हाळ्यात तर जिथे एरवी नळाचं पाणी पुरतं तिथेही टँकर सुरू होतात, म्हणजे एकाच घरात मार्चचं पाणी वेगळं आणि ऑगस्टचं वेगळं.

जड पाण्यात डिटर्जंटचा मोठा वाटा क्षारांवरच खर्ची पडतो आणि मळासाठी थोडाच उरतो. हिशोब करून बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणाची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमचं पाणी ३०० चं असेल आणि मशीनने एका फेरीला ४० लिटर घेतलं, तर कपड्यांसोबत ड्रममध्ये १२ ग्रॅम कठीणपणा शिरला. दोन चमचे पावडर टाकून डायपर स्वच्छ होत नाहीत, ते इथेच कळतं.

पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंघोळीच्या साध्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. कपड्यांची वडी घेऊ नका; बऱ्याच वड्या डिटर्जंटच्या असतात आणि त्यांचा जड पाण्यातही फेस होतो. फेस टिकला आणि खालचं पाणी नितळ राहिलं तर पाणी हलकं. फेस बसला आणि पाणी दुधाळ होऊन वर साका धरला तर जड. शिवाय घरातल्या खुणा आहेतच: बादलीच्या आतला पांढरा थर, शॉवरची बुजलेली भोकं, लवकर न शिजणारी तुरीची डाळ. नेमका आकडा हवा असेल तर कठीणपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात. टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नका. तो पाण्यात विरघळलेले सगळेच क्षार एकत्र दाखवतो, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे सांगत नाही.

पाणी जड निघालं तर लिक्विडपेक्षा पावडर घ्या, कारण क्षारांना आवरणारा सोडा आणि तत्सम घटक पावडरमध्ये साधारणपणे जास्त असतात. पाकिटावर जास्त मळक्या कपड्यांसाठी जे माप दिलेलं असतं तेच घ्या. मुख्य धुलाईत एक ते दोन मोठे चमचे धुण्याचा सोडाही टाका. स्वयंपाकघरातला खायचा सोडा इथे फारसा उपयोगाचा नाही, तो खूप सौम्य असतो. खंगाळण्याच्या फेऱ्या वाढवल्या की कडकपणा जाईल असं वाटतं, पण प्रत्येक फेरीत नवं जड पाणीच येतं. शक्य असेल तर शेवटची फेरी तरी हलक्या पाण्याची ठेवा.

आरओचं टाकाऊ पाणी बादलीत साठवून धुण्याला वापरायची सवय आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. पाण्याची कदर म्हणून ती चांगलीच आहे, पण डायपरसाठी नको. आरओने बाजूला काढलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते पाणी लादी पुसायला वापरा.

सोसायटीत मिठावर चालणारा सॉफ्टनर प्लँट असेल तर अडचण नेमकी उलटी होते. पाणी इतकं हलकं असतं की नेहमीचं माप जास्त होतं आणि कितीही खंगाळलं तरी इन्सर्ट हाताला बुळबुळीत लागतात. तिथे माप कमी करा. आणि प्लँटमध्ये मीठ वेळेवर भरतात ना, हे अधूनमधून विचारा. ते संपलं की त्या आठवड्यात पाणी पुन्हा जड होतं.

‘बेबी’ लिहिलंय म्हणून घेणं

बाळाच्या कपड्यांसाठी म्हणून मिळणारी बरीचशी लिक्विड झबली, टोपरी, दुपटी यांच्यासाठी ठीक असतात. त्या कपड्यांना दूध, लाळ, थोडा घाम एवढंच लागलेलं असतं. डायपरमध्ये शी-शू असते, तीही कापडाच्या चार-पाच थरांत मुरलेली. सौम्य लिक्विडला ते झेपत नाही. लोकरीच्या कपड्यांच्या लिक्विडचंही तसंच.

डायपरला लागतं जोमदार डिटर्जंट, आणि माझ्या मते एन्झाइम असलेलं. प्रोटिएज हे एन्झाइम शीमधली प्रथिनं तोडतं, लायपेज तेलकटपणा तोडतं. ही नावं पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात शोधा. एन्झाइम बाळाच्या त्वचेला वाईट अशी भीती घातली जाते, पण नीट खंगाळलेल्या कापडात ते त्रास होण्याइतके उरत नाहीत. त्वचा फारच नाजूक असेल, एक्झिमा असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. उग्र सुगंधाचं डिटर्जंट टाळा. त्वचेला त्रास व्हायची शक्यता सुगंधी द्रव्यांमुळे वाढते, आणि धुतलेल्या डायपरला खरंच वास येतोय का हे त्या सुगंधाखाली कळतही नाही.

फ्रंट लोड मशीन असेल तर त्याच्यासाठीचीच कमी फेसाची पावडर घ्या. हाताने धुण्याची पावडर टाकली की ड्रममध्ये फेस दाटतो, कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत आणि फेस निघत नाही तो नाहीच.

रिठ्यावर सगळा भरवसा ठेवणं

आजी म्हणतात, ‘आम्ही नाही का रिठ्याच्या पाण्यात लंगोट धुतले!’ त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि ते त्यांना का साधलं हे समजून घेण्यासारखं आहे. तेव्हाचा लंगोट म्हणजे जुन्या धोतराचा किंवा नऊवारीचा मऊ, एकेरी तुकडा. तो ओला झाला की लगेच बदलायचा, लगेच धुवायचा, बरेचदा उकळत्या पाण्यात घालायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. एका थराच्या सुती कापडातून सगळं सहज निघतं. धुणाऱ्याची निम्मी मेहनत उकळतं पाणी आणि ऊन करायचं.

आजचा पॉकेट डायपर वेगळा आहे. बाहेर पीयूएलचं (पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या कापडाचं) जलरोधक कव्हर, आत मायक्रोफायबर, बांबू किंवा सुती कापडाचे जाड इन्सर्ट. तो रात्रभर बांधलेला असतो, मग दोन दिवस टोपलीत पडून राहतो. पीयूएल उकळता येत नाही; उकळलं तर त्याचा थर सुटतो आणि इलॅस्टिक सैल पडतं. रिठ्यातले सॅपोनिन फेस देतात, हलका मळ काढतात, पण जाड थरांच्या आत मुरलेली शू त्यांच्याने निघत नाही. एकेरी मलमलचे लंगोट हलक्या पाण्यात, रोजच्या रोज, गरम पाण्याने धुणार असाल तर रिठा जरूर वापरा. पॉकेट डायपरला नको.

चिमूटभर पावडर टाकणं

पावडर उरली तर बाळाला पुरळ येईल या काळजीने माप कमी केलं जातं. परिणाम उलटा होतो. मळ निघत नाही, युरियाचं विघटन करणारे जिवाणू कापडात टिकून राहतात, पुढच्या शूचा अमोनिया करतात आणि त्यानेच त्वचा लाल होते. कमी पावडर आणि भरपूर पाणी हा सल्ला ज्यांनी पाळला त्यांच्याच घरी वासाची तक्रार जास्त दिसते.

पद्धत साधी आहे. बाळ वरचं खायला लागलं की शी आधी कमोडमध्ये टाकून जेटने डायपर साफ करा. पहिली छोटी फेरी साध्या पाण्यात, थोड्या पावडरीवर. सुरुवातीलाच गरम पाणी घेतलं तर शीचे डाग कापडात पक्के बसतात. दुसरी लांब फेरी पूर्ण मापावर, ४० अंशांच्या कोमट पाण्यात. डायपरच्या लेबलवर ६० अंश चालतं असं लिहिलं असेल तर महिन्यातून एखाद-दोनदा तेवढं ठेवा. ड्रम दोन तृतीयांश भरा. धुण्याच्या मावशी हाताने धुणार असतील तर त्यांना मापाचा चमचाच देऊन ठेवा, अंदाजावर सोडू नका.

वडी, सॉफ्टनर, डेटॉल, नीळ

यातलं काहीच नको. वडी घासली की कापडावर थर राहतो. फॅब्रिक सॉफ्टनर तंतूंवर मऊ लेप चढवतो, आणि तो लेप शू शोषू देत नाही. डेटॉलसारखं जंतुनाशक शेवटच्या पाण्यात टाकलं तर कापडात उरतं आणि दिवसभर ओल्या त्वचेला लागून राहतं. निळीने फक्त रंग बदलतो. टाकणखार काही जण सुचवतात, तोही बाळाच्या कापडापासून लांबच ठेवा.

तेलाचा विचार न करणं

डायपर शू शोषेनासा होण्याचं हे आपल्याकडचं खास कारण आहे आणि परदेशी सल्ल्यांत ते सहसा सापडत नाही. मालिशवाल्या मावशी सकाळी बाळाला तिळाच्या किंवा खोबरेल तेलाने चोळतात. अंघोळीनंतरही मांड्यांच्या घड्यांत तेल राहतं, पुन्हा वरून हात फिरवला जातो, आणि ते सगळं डायपरच्या आतल्या कापडात उतरतं. हळूहळू पाणी वरच्या वर घरंगळायला लागतं. लोक म्हणतात पावडर बिघडली किंवा डायपर हलक्या प्रतीचा निघाला. झिंक ऑक्साइडची किंवा पेट्रोलियम जेलीची क्रीमही असाच थर धरतात.

मालिशनंतरच्या एक-दोन तासांसाठी साधे सुती लंगोट बांधा. क्रीम लावायचं असेल तर मध्ये पातळ मलमलचा तुकडा ठेवा. तेल बसलेले इन्सर्ट गरम पाणी, पूर्ण मापाची पावडर आणि दोन चमचे धुण्याचा सोडा यांत दोन-तीन तास भिजवून मग मशीनला लावा. सोसायटीत सोलरचं पाणी येत असेल तर सकाळीच बादल्या भरून घ्या. भांड्यांचं लिक्विड मशीनमध्ये टाकू नका, त्याचा फेस आवरत नाही.

नवे सुती इन्सर्ट पाणी शोषत नाहीत ते मात्र तेलाने किंवा पावडरने नाही. कापसाचं स्वतःचं मेण निघायला पाच-सहा धुण्या लागतात.

वास कशाचा, ते न ओळखता पावडर बदलणं

वाळलेला डायपर कोरडाच असताना गोठ्यासारखा वास देत असेल तर तो धुतलाच नीट जात नाहीये: माप वाढवा, ड्रम थोडा रिकामा ठेवा. कोरड्याला वास नाही, पण शू झाल्यावर थोड्याच वेळात नाकाला झोंबतो, तर थर साठला आहे. वरच्यासारखं भिजवून काढा. रात्रभराच्या डायपरला थोडा अमोनिया येणं नेहमीचंच आहे. तो सकाळी लगेच साध्या पाण्यातून काढून ठेवा.

भिजवूनही वास गेला नाही तर एकदाच ब्लीच वापरता येतं, बाटलीवरच्या मापाने, आणि तेही डायपर आधी स्वच्छ धुतल्यावरच. शूच्या डायपरवर सरळ ब्लीच ओतलं तर अमोनियाशी त्याची क्रिया होऊन क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात. ब्लीच आणि व्हिनेगरही कधीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात याचा खरा धोका आहे.

पुरळ मांड्यांच्या घड्यांत असेल आणि मुख्य लाल भागाबाहेर सुटे ठिपके दिसत असतील तर ते बुरशीचं असू शकतं. तिथे पावडर बदलून काही होत नाही, डॉक्टरांना दाखवा.

आणि जून ते सप्टेंबर येतो तो कुबट वास निराळाच. धुणं बरोबर असतं, वाळणं अपुरं असतं. त्या दिवसांत जाड इन्सर्टऐवजी घडी उलगडता येणारे वापरा, कव्हर आणि इन्सर्ट वेगळे करून पंख्याखाली दोरीवर टाका. अजून दमट लागलं तर सुती इन्सर्टवर इस्त्री फिरवायला हरकत नाही. मायक्रोफायबरवर आणि पीयूएलच्या कव्हरवर मात्र नको.