पलटणीतलं शिक्षण जिममध्ये कसं लावायचं

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि गावाकडे जिम काढली. हाच विचार करणाऱ्या फौजी भावांना माझं पहिलं सांगणं: मशिनी नंतर घ्या, आधी उस्ताद, म्हणजे शिकवणारा, घडवा. बेळगावच्या आमच्या ट्रेनिंग सेंटरला उस्ताद नव्या रिक्रूटांच्या पुढे पळतो. तुमचा ट्रेनरही मोबाईल बाजूला ठेवून मेंबरांबरोबर स्वतः बैठका मारणारा हवा.

इन्फंट्रीत एका सेक्शनमध्ये, म्हणजे छोट्या तुकडीत, 10 जवान असतात. साधारण तेवढेच मेंबर एका ट्रेनरकडे द्या. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची कारखान्यात रात्रपाळी आहे, हे त्याला तोंडपाठ असावं. कुणी सलग दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्यानेच फोन करायचा, रिसेप्शनवरच्या मुलीने नाही. नव्या माणसाला जुना मेंबर बडी, म्हणजे जोडीदार, म्हणून जोडून द्या. जोडीदार वाट बघतोय म्हणून तो येतो. पोलीस भरतीची पोरं 1600 मीटरची तयारी करतात, त्यांना तर बडी हवाच.

पैशांचंही पलटणीसारखंच, राखीव कुमक, म्हणजे शिल्लक रक्कम, ठेवल्याशिवाय पुढे सरकू नका. सुगीत गर्दी ओसरते, भाडं थांबत नाही.

एक गोष्ट मात्र छावणीतच ठेवा: शिक्षा. जवान शपथ घेऊन आलेला असतो, मेंबर फी भरून. उशिरा आलेल्या पन्नाशीच्या, शुगर असलेल्या काकांना बेडूकउड्या मारायला लावल्या तर गुडघे जातील आणि काकाही जिम सोडून जातील. त्यांना वॉर्मअप पूर्ण करायला लावा, मगच वजनाला हात लावू द्या.