गिऱ्हाईक ‘येताना घेतो’ म्हणून का जातं? कोकणातल्या दुकानदारांनो, या चुका टाळा

मुंबई-गोवा महामार्गावर कुडाळजवळ आमचं कोकणी मेव्याचं दुकान आहे. सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘येताना घेतो’. गोव्याहून परतणारी ती गाडी पुन्हा थांबत नाही, हे या रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. बरीच वर्षं मला वाटायचं, आपला भाव जड होतोय. मग भाव उतरवून पाहिला, तरी माणसं तशीच जात राहिली. त्यांना घ्यायचं होतं हो, पण काय घ्यावं ते ठरत नव्हतं. आणि ते ठरवायला आम्ही काडीची मदत करत नव्हतो.

काजूच्या आठ बरण्या

आमच्या फळीवर काजूचे आठ प्रकार ओळीने मांडलेले असायचे. डब्ल्यू १८०, २१०, २४०, ३२०, पाकळी, तुकडा, खारे आणि सालीचे. मला त्या ओळीचा अभिमान होता. एकदा ट्रॅव्हल्सची बस दहा मिनिटांसाठी थांबली. एक ताई दोन्ही हातांत दोन पाकिटं धरून उभ्या राहिल्या, एक २४० चं, एक ३२० चं. म्हणाल्या, “दादा, ३२० म्हणजे जास्त चांगला का? मग तो स्वस्त कसा?”

प्रश्न अगदी रास्त होता. हा आकडा म्हणजे एका पौंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात त्याचा. आकडा वाढला की गर लहान. मी हे सगळं मनापासून समजावू लागलो. ड्रायव्हरने हॉर्न दिला, ताईंनी दोन्ही पाकिटं खाली ठेवली आणि गेल्या. त्यांनी विचारलं होतं ‘कुठला घेऊ’, आणि मी त्यांना प्रतवारी शिकवत बसलो.

आता पुढे तीनच टोपल्या असतात. ‘भेट द्यायला’ मोठा गर, ‘घरी खायला’ मधला, ‘भाजी-मिठाईला’ पाकळी. आकडा खाली बारीक अक्षरात आहे, जाणकाराला तो दिसतोच. बाकीचा माल मागच्या फळीवर आहे, कुणी मागितला की काढून देतो. मालाचं नाव आपल्या धंद्याच्या भाषेत लिहू नका, गिऱ्हाईक त्याचं घरी काय करणार आहे ते लिहा. या लेखातलं एवढं एकच केलंत तरी फरक दिसेल.

आपल्याला माहीत आहे ते सगळ्यांना माहीत असतं, ही समजूत

कोकमाच्या बाटल्यांनी मला हे शिकवलं. एका मे महिन्यात पुण्याहून एका काकूंचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. हळदीकुंकवाला त्यांनी आमच्याकडून नेलेल्या आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, साखर घालून सरबत केलं, आणि एकेक बाई घोटभर पिऊन ग्लास बाजूला ठेवत गेली. आगळात मीठ असतं, ते सोलकढीचं. आपल्याकडच्या लहान पोरालाही हे कळतं, म्हणून बाटलीवर आम्ही नुसतं ‘कोकम आगळ’ छापलं होतं. शेजारीच कोकम सरबताची बाटली, रंगही जवळपास तोच. चूक पूर्णपणे आमची होती. मी काकूंना सरबताची बाटली पाठवून दिली, पण त्यांची ती संध्याकाळ काही मी परत देऊ शकलो नाही.

आता लेबलावर ठळक अक्षरात असतं: ‘आगळ: मीठ घातलेलं, सोलकढीसाठी. सरबत होत नाही.’ सरबताच्या बाटलीवर ‘साखर घातलेलं, फक्त पाणी मिसळा’ आणि आमसुलांच्या पाकिटावर ‘आमटीत, माशाच्या कालवणात टाका’. घेऊन चुकू, ही भीती बाहेरून आलेल्या माणसाच्या मनात किती मोठी असते ते आपल्याला इथे बसून दिसत नाही.

आंब्याच्या ऑर्डरी मधेच का गळतात

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘भावासाठी मेसेज करा’ असं लिहिणारे खूप आहेत. गिऱ्हाईक मेसेज करतं, मग आपण विचारतो: चार डझनाची पेटी, पाच की सहा? मुंबईच्या माणसाला वाटतं, सहा डझनाची पेटी मोठी. खरं तर पेटी तेवढीच, डझन वाढले की फळ बारीक. मग कच्चा हवा की तयार, कुरिअर की ट्रान्सपोर्ट, असे पाच-सहा प्रश्न होईतो समोरचा माणूस गप्प होतो.

दोनच गोष्टी विचारा: घरी माणसं किती, आणि पहिला आंबा कधी कापायचा आहे? उरलेलं आपण ठरवून एकच प्रस्ताव द्या, घरपोच किमतीसकट: “तुम्हाला पाच डझनाची पेटी बरी पडेल. पेंढ्यात ठेवून पाठवतो, चार-पाच दिवसांत तयार होईल. बदल हवा असेल तर सांगा.” भाव रोज बदलतो हे खरं आहे, म्हणून ‘आजचा भाव’ तारीख घालून लिहा. भाव लपवला की माणूस तो जास्तच असणार असं धरून चालतो.

घरगुती राहण्याची सोय चालवणाऱ्यांचंही असंच होतं. खोलीचा दर वेगळा, एसीचा वेगळा, जेवण वेगळं, मुलांचं वेगळं. चौघांच्या कुटुंबाला दोन दिवसांचा, दोन्ही वेळच्या जेवणासकट एकच आकडा सांगा. शाकाहारी जेवण मिळतं का, ते न विचारताच लिहा.

पण उलट टोकालाही जाऊ नका

‘पर्याय कमी करा’ या सल्ल्यामागे बहुतेक वेळा जॅमचा तो प्रयोग असतो. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात चवीचं टेबल मांडलं. २४ चवी ठेवल्या तेव्हा थांबणारे जास्त, पण त्यांतल्या सुमारे ३ टक्के लोकांनीच जॅम विकत घेतला. ६ चवी ठेवल्या तेव्हा थांबलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांनी घेतला. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मात्र २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कधी जास्त पर्याय अडसर ठरतात, तर कधी उपयोगी पडतात. २०१५ च्या आणखी एका आढाव्याने कारणं शोधली, आणि त्यात एक असं: आपल्याला काय आवडतं हेच माणसाला माहीत नसेल तर तो अडखळतो.

मला हे रोज दिसतं. गावातली आजी मसाल्याच्या पाच डब्यांचा वास घेऊन क्षणात बोट ठेवते. तिच्यासमोरून चार डबे काढून घेतलेत तर ती दुसऱ्या दुकानात जाईल, आणि बरोबरच करेल. माल कमी करण्याआधी समोर कोण उभं आहे ते पाहा. नवख्यासाठी पुढच्या तीन टोपल्या, जाणकारासाठी मागची फळी.

आणि सोपं करण्याच्या नावाखाली खोटं नको. पडून राहिलेल्या मालावर ‘सगळ्यात जास्त खपणारा’ अशी चिठ्ठी लावणं, किंवा परराज्यातला आंबा ‘देवगड’ म्हणून देणं, ही फसवणूक आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरतं आहे. दुकानदार म्हणतो ‘हा घ्या’ आणि गिऱ्हाईक डोळे मिटून घेतं, तेव्हा ते आपल्या शब्दावर पैसे टाकत असतं.

नेमकं कुठे अडतंय, ते कसं शोधाल?

गल्ल्याजवळ एक वही ठेवा. आठवडाभर, गिऱ्हाईकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहा. काही न घेता गेलेल्याने शेवटी कुठली वस्तू हातात धरली होती, तेही. जो प्रश्न परत परत येतो, त्याचं उत्तर फळीवर किंवा पाकिटावर नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या वहीत या आठवड्यात सगळ्यात वर होतं: “हे गाडीत किती दिवस टिकेल?” फणसपोळी, आंबापोळी, खाजा, सगळ्यांबद्दल तेच. तारीख पाकिटावर छापलेली असते, पण मागच्या बाजूला, बारीक. काल संध्याकाळी बायकोने प्रत्येक टोपलीपुढे हाताने लिहून पाट्या लावल्या.